चहानंतरचा तास

डिस्क फरशीवर पडली ती नेमकी कोपऱ्यावर, आणि मंजिरी खाली वाकली.

तिने ती उचलली, वायर पुन्हा जोडली, कॉम्प्युटर सुरू केला. डिस्कच्या पोटातून कट्‌ कट्‌ आवाज येत राहिला. पडद्यावर काही म्हणता काही नाही.

"अगं बाई, काय करून बसले मी हे!"

करायला गेली होती ती चांगलंच. आबांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात भात शिजून व्हावा. म्हणून तिने नवी, वेगवान डिस्क मागवली. आज सुट्टी होती, आबा मंडळात पत्ते खेळायला गेले होते. ते येईपर्यंत जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून घ्यायचं, असा तिचा बेत. चालू डिस्क टेबलाच्या कडेला ठेवली होती. वळताना ओढणीत वायर अडकली, झालं.

त्या डिस्कवर मोलाची वस्तू एकच होती. प्रेमलाबाईंचा आवाज. सासूबाई जायच्या आदल्या वर्षी आबांनी घरीच त्यांची गाणी रेकॉर्ड केली होती. एका गाण्याच्या मध्येच त्या म्हणायच्या, "अहो, तो पंखा बंद करा ना, खरखर येऊन राहिली!" त्या जागी आबांना रोज हसू फुटायचं. दुसरीकडे कुठे हा आवाज उतरवून ठेवलेला नव्हता. करू करू म्हणता राहूनच गेलं होतं.

रोज संध्याकाळचा चहा झाला की आबा हेडफोन चढवून, भिंतीकडे तोंड करून बसायचे. रेल्वेत उभा जन्म गेलेला माणूस, वेळ कधी चुकायची नाही. खरं सांगायचं तर तो तास घरालाही सोयीचा झाला होता. घर दोन खोल्यांचं. आबांच्या कानावर जायला नको ते सगळं त्या तासात, त्यांच्या पाठीमागे, खुशाल मोठ्यानं बोलून घ्यायचं. गेले काही महिने तिथे नागपूरचं चालू होतं. आबांना कायमचं पूर्णिमाताईंकडे, म्हणजे त्यांच्या लेकीकडे पोचवायचं, हे नवरा-बायकोचं जवळजवळ ठरलं होतं. आबांना सांगायचं तेवढं बाकी होतं.

मंजिरीने स्कूटी काढली आणि बूढापारा मोहल्ल्यातलं सुशीलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गाठलं. त्याने डिस्क जोडली, कान लावला, आणि मान हलवली.

"दीदी, ये अंदर से गई है. बाहेरगावी पाठवतो म्हणाल तर पाठवतो, पण भरोसा नाही देत."

घरी येऊन तिने नवी डिस्क बसवली. टेबलाखाली अंधारात वाकून उंदराच्या लेंड्या झाडल्या, अंदाजानेच एकेक पिन जागच्या जागी खोचली. हेडफोन तेवढा आबांच्या खिळ्यावर तसाच लटकत होता. त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

मग तिने एक भलतंच भजन लावलं आणि आवाज शून्यावर नेला. पडद्यावरची रेघ सरकत राहिली. आबा म्हणतील, ऐकू येत नाही. आपण म्हणायचं, हेडफोन बिघडला असेल, उद्या नवा आणते. एवढा एक दिवस तरी निभेल.

आबा आले, चहा प्याले, टेबलाशी बसले. हेडफोन चढवला.

मंजिरी कणीक मळायला घेऊन दारात उभी राहिली. आता म्हणतील. आता म्हणतील.

आबांची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. मान डोलू लागली. थोड्या वेळाने तर ते चक्क हसले, रोजच्यासारखे.

तेवढ्यात नवऱ्याचा, यशदीपचा फोन आला, भनपुरीहून, त्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून. हात कणकेत, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. आवाज हळू करायची तर सवयच नव्हती.

"अहो, आईंचा आवाज गेला! डिस्क फुटली माझ्या हातून. आणि इकडे आबा डोलून राहिलेत. काहीच वाजत नाहीये हो! मला वाटतं, कान गेले त्यांचे. कधीचे गेलेत कोण जाणे."

यशदीप म्हणाला, "चल, एका परीनं ठीकच झालं. त्या डब्यापायीच तर घर सोडत नव्हते. अब नागपूर का आसान हो जाएगा. पुढच्या हप्त्यात पोचवून देऊ."

"आणि त्यांना काय सांगायचं?"

"थोडे दिवस हवापालट म्हणून जाऊन या, म्हणायचं. मग ताई पाहून घेईल."

"हव," मंजिरीने होकार भरला आणि फोन ठेवला.

पण समोर ती पाठ होती. विटलेली कॉलर, डोलणारी मान. रिकाम्या आवाजापुढे बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून तिला स्वतःची लाज वाटली, अगदी पोटातून. तिने हात पुसले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

आबांनी हेडफोन काढला.

"आबा, आज काहीच वाजत नव्हतं. आईंचा आवाज गेला. माझ्या हातून डिस्क पडली. मी तुम्हाला फसवत होते." तिला पुढे बोलवेना, रडूच फुटलं.

"काहून रडून राहिली तू?"

आबांनी हेडफोनची वायर हळूहळू वर ओढली. टेबलामागून तिचं टोक आलं. कुरतडलेलं, तांब्याच्या तारा बाहेर आलेल्या.

"उंदरानं मागच्या दिवाळीलेच खाल्ली. तिचा आवाज मले पाठ आहे, बाई. त्याले वायर कायले लागते?"

मंजिरी मनातल्या मनात दिवाळीपासूनचे महिने मोजू लागली.

आबांनी हेडफोन जपून खिळ्याला अडकवला. "अन्‌ यशदीपले फोन लाव. नागपूरचं तिकीट काढशीन तं लोअर बर्थ काढ, म्हणा."