चाळीस ते एकोणसाठ

तिहोमिरने ओग्नेनचं डोकं आधी टेबलावर आपटलं आणि मग स्वतःचं नाव सांगितलं. खिशातून काळ्या चौकटीचा कागद काढून त्याने थाडकन स्क्रीनवर चिकटवला. बेलग्रेडमध्ये कोणी गेलं की असे कागद खांबाखांबावर लागतात. यावर टोपीवाल्या एका म्हाताऱ्याचा फोटो होता. झिवोयिन, वय एकोणऐंशी. दफन आज चार वाजता.

"माझा बाप," तिहोमिर म्हणाला. "पास नंबर सातशे पंचेचाळीस. एकतीस वर्षं स्टेडियममधल्या त्याच खुर्चीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायचा बिचारा. शनिवारी गेटवर पास लावला, तर लाल दिवा. तुमच्या पैलवानांनी त्याला भिंतीमागे नेऊन लाथा घातल्या."

"मी हात नाही हो लावला!" ओग्नेनच्या नाकातून रक्त गळत होतं.

"लावणाऱ्या दोघांना काल भेटून आलो." तिहोमिरची बोटं सोललेली होती. "ते म्हणाले, लाल दिवा म्हणजे मशाल फेकणारा. दिवा कोण लावतो विचारलं, तर तुझं नाव."

ओग्नेन फुटबॉल क्लबचा एकुलता एक संगणकवाला. मागच्या सामन्यात चाळीस ते एकोणसाठ नंबरवाल्यांनी मैदानात पेटत्या मशाली फेकल्या होत्या. तेवढे वीस पास अडवायची ओळ गेटच्या यंत्रात त्यानेच लिहिली होती.

"कसा लागला दिवा, सांग. मला कळेल असं सांग. नाही कळलं तर तुझी खैर नाही."

"यंत्राला संख्या कळत नाही, दादा. अक्षरं दिसतात नुसती. मी सांगितलं, चार किंवा पाच शोध, पुढे कुठलाही एक आकडा. झाले चाळीस ते एकोणसाठ."

"मग सातशे पंचेचाळीस?"

"त्यात साताच्या पुढे चार आणि पाच आहेत ना. यंत्राला तेवढं पुरलं. नंबर इथे सुरू होतो, इथे संपतो, अशा दोन खुणा घालायच्या असतात. राहिल्या माझ्याकडून."

"तपासलं नाहीस?"

"तपासलं की! एकोणचाळीस, चाळीस, एकोणसाठ, साठ. कडेचे चारही बरोबर आले." बोलता बोलता त्याची त्यालाच लाज वाटली. तीन आकडी एकही नंबर त्याने टाकून पाहिला नव्हता.

"केवढ्या असतात या खुणा?"

"एकेका अक्षराएवढ्या."

तिहोमिरने त्याचा उजवा हात धरून टेबलाच्या खणात कोंबला आणि गुडघा मारून खण बंद केला. हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. ओग्नेन गुरासारखा ओरडला. पलीकडच्या खोलीतल्या तिकीटवालीने आपलं दार लावून घेतलं.

"आता घाल."

ओग्नेनने डाव्या हाताने कागद जरा बाजूला सरकवला. ओळीच्या तोंडाशी एक खूण घातली, शेवटी एक. अडवलेल्या तीनशे साठ नावांची यादी वीस नावांची झाली. तीनशे चाळीस माणसं, अरे देवा! हाताचं विसरून तो यादी पुन्हा मोजायला लागला.

"बापाचं नाव?"

"गेलं."

"नीट बघ, हरामखोरा."

"खरंच नाहीये, दादा."

तिहोमिर वाकला. वीसच्या वीस नावं त्याने बोट लावून वाचली, रक्ताचे डाग काचेवर उमटवत. मग पुन्हा एकदा वाचली. खुर्ची ओढून तो ओग्नेनच्या शेजारीच बसला आणि त्याचे खांदे गदगदायला लागले.

"म्हणजे आता दिवा हिरवा?"

"हिरवा."

"मग सोडा की रे त्याला आत," तो म्हणाला. "पास त्याच्या कोटातच आहे."