या सुट्टीची टॉफी

साखर कडेने विरघळू लागली तसा सासूबाईंनी गॅस बारीक केला.

"आता चमचा घालायचा नाही," त्या म्हणाल्या. "पातेलं नुसतं धरून फिरवायचं."

"का?" स्टुलावर बसलेल्या सुनेने विचारलं.

"चमचा लागला की साखर पुन्हा खडे धरते. सगळी मेहनत पाण्यात."

"हं."

स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरली होती. टॉफी सुट्टी लागेपर्यंत मुलांना दिसू द्यायची नाही, हा या घरातला नियम. म्हणून सासूबाईंचा मुलगा दोन्ही नातवंडांना घेऊन बूट घ्यायला गेला होता. निघताना दाराशी घुटमळला. "फार दमू नका," एवढंच म्हणाला. जिना उतरतानाही त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

काल डॉक्टर येऊन गेले होते. बाहेरच्या खोलीत मुलाशी हळू आवाजात बोलले, चहा न घेताच उठले. तेव्हापासून घरात कुणी आवाज चढवला नव्हता. मुलांनी रेडिओ लावला तोही कुणीतरी न बोलता बारीक केला होता.

ही टॉफी कुठे लिहून ठेवलेली नव्हती. एका बाईच्या हातून ती दुसऱ्या बाईच्या हातात जायची, ओट्याशी उभं राहून, चटके खात.

"द्या, मी धरते पातेलं," सून उठत म्हणाली. "केवढं जड आहे ते."

"तू बस. आज हात माझाच लागायला हवा."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे कुठे पळून जातायत."

सून बसली. शाल पुढे ओढून तिने हात मांडीवर ठेवले.

दाराची कडी वाजली. शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या. वासावर त्या सरळ आतच आल्या. "आले वाटतं टॉफीचे दिवस. आमच्या ह्यांची कवळी अडकली होती हो त्या वर्षी. तेव्हापासून चहात बुडवून खातात, पण सोडत नाहीत." मग ओट्याशी उभ्या सासूबाई आणि बसलेली सून बघून हसल्या. "सून बसलीय नि सासू राबतेय. सूर्य कुठून उगवला आज?"

कुणी हसलं नाही. काकूंनी जीभ चावली. वाटी ठेवली, सुनेच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि आल्या पावली निघून गेल्या.

साखरेला मधाचा रंग आला होता.

"लोणी आत्ता घालायचं?" सुनेने विचारलं.

"नाही. अजून थोडा गडद होऊ दे. घाई केली तर टॉफी दाताला चिकटते. उशीर केला तर कडू."

"आणि कसं ओळखायचं?"

"वासावरून. जळायच्या जरा आधी वास बदलतो. तिथेच धरायचं."

वास बदलला. सासूबाईंनी लोण्याचे तुकडे एकेक करून सोडले. पातेलं खवळलं, शिंतोडा त्यांच्या मनगटावर उडाला. सून झटकन उभी राहिली, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं, मनगट नळाखाली धरलं आणि परत आल्या. त्यांचे डोळे भरले होते. चटका एवढा मोठा नव्हता.

"आई, राहू दे आजच्या दिवस."

"पिकल्या पानाने गळायचं असतं," सासूबाई पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "इतकी साधी रीत. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

"आई, नको ना."

"नाही बोलत."

त्यांनी मीठ चिमटीत घेतलं, पातेल्यावर धरलं, क्षणभर थांबल्या आणि सोडलं. मग वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकला. थेंब तळाशी जाऊन कडक झाला. बोटांनी दाबला तर काडीसारखा मोडला.

"मोडला," सून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या दुपारी पहिल्यांदा हसू आलं.

"मोडला," सासूबाईही म्हणाल्या.

पाक त्यांनी तूप लावलेल्या ताटात ओतला. बाहेर थेंबही सांडला नाही. तो गरम असतानाच सुरीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या. दोघी ताट गार होण्याची वाट बघत बसल्या. सुनेने शालीचं टोक सासूबाईंच्या भाजलेल्या मनगटाखाली सरकवलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"मुलं येतील इतक्यात," थोड्या वेळाने सून म्हणाली.

"येऊ देत. ताट वर फडताळात ठेवू. तू आधी चव बघ."

सासूबाईंनी कडेचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. सुनेने तो तोंडात धरला आणि डोळे मिटले. सासूबाई ओट्याची कड पकडून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरीसारख्या.

"जमली?" त्यांनी विचारलं.

"मीठ थोडं कमी झालं," सून म्हणाली. "माझी आई सढळ हाताने घालायची, मीही तसंच घालते. मुलांना तीच चव माहीत आहे. पुढच्या सुट्टीत हात बदललाय हे त्यांना कळायला नको."

"मग परत करते."

"आज दमलात तुम्ही. उद्या करा," सून म्हणाली. "उद्या आहे मी अजून."