मागचं ध्रुपद

सायकल चालवताना सारखं मागे वळून पाहिलं की तोल जातो. म्हणून लांबच्या सफरीला निघतानाच आम्ही ठरवलं होतं, मी पुढे भजनाची ओळ म्हणायची आणि बारक्याने मागून ध्रुपद उचलायचं. आवाज आला की समजायचं, गडी सोबत आहे.

नावाचाच बारक्या, वजन माझ्या दुप्पट. त्याच्या आईने दारात माझा हात घट्ट धरला होता. "बाळा, त्याला मागे सोडू नकोस हं. जसा नेतोस तसा आण."

पहिला दिवस देवाच्या नावात छान सरत होता. दर ओळीला मागून बारक्याचं भसाडं ध्रुपद यायचं. दुपारनंतर तर तो चक्क सुरात गाऊ लागला. मला कौतुकच वाटलं.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सायकल थांबवतो तोच फोन वाजला.

"अरे, आहेस कुठे?" बारक्या रडकुंडीला आला होता. "दुपारी पुलावर माझी चेन तुटली. हाका मारून घसा बसला. फोन आत्ता लागतोय. तू आपला गात निघालास, आणि मागून तो."

"तो कोण?"

"तुझ्या ओळखीचा नव्हता? इतका चिकटून जात होता... सायकल नव्हती रे त्याच्याकडे."

फोन तुटला. मी मागे पाहिलं नाही. गाणं तर केव्हाच थांबवलं होतं.

अगदी मानेपाशी कुणीतरी पुढची ओळ सुरू केली.

आणि माझ्या तोंडून आपसूक ध्रुपद आलं.