चोवीस तासांत उत्तर

कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाला सहा वर्षं उरली होती, आणि पाहुण्यांना घरच्यासारखं वाटावं याची तालीम दोहाने आतापासूनच चालवली होती. नाताळासाठी एका हॉटेलात परभणीच्या भानुदास सुताराने १९५० सालच्या अमेरिकेतली बैठक उभारली: खोटी शेकोटी, तिच्यावर टांगलेले लाल मोजे, साखळीने ठोकून आणि चहाच्या पाण्याने माखून जुनं केलेलं नवं लाकूड. ज्यांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती, तेही तिथे आपल्या हरवलेल्या बालपणासाठी गहिवरत.

तिकडे परभणीत भानुदासची आई अखेरच्या घटका मोजत होती. डॉक्टरांनी फार तर हाच आठवडा दिला होता. पण देश सोडायला कंपनीची परवानगी लागे, आणि त्याचे तीन अर्ज कंपनीच्या कचेरीतला मराठी कारकून कौस्तुभ याच्या टेबलावर पडून होते.

"साहेब स्टेडियमच्या कामात आहेत, भानुदासराव. पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला."

"पुढच्या आठवड्यात जाऊन कुणाला भेटू, साहेब?"

कौस्तुभने तिन्ही अर्ज अदबीने पुन्हा नीट रचून ठेवले.

बैठकीच्या दाराशी भानुदासनेच घडवलेली लाल टपालपेटी होती. सांताक्लॉजच्या नावे तिच्यात पडलेल्या प्रत्येक पत्राला कंपनीने चोवीस तासांत उत्तर द्यायचं, असं हॉटेलच्या करारातच लिहिलं होतं. भानुदासने चौथा अर्ज मराठीत लिहिला आणि त्या पेटीत टाकला.

उत्तर खरोखरच दुसऱ्या दिवशी आलं, तेही शुद्ध मराठीत.

"प्रिय बाळ भानुदास, तू वर्षभर शहाण्यासारखा वागलास. पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला."