करंगळी

"डोळे मीट. चोरून बघायचं नाही," फिजिओबाई म्हणाल्या.

धाकटीने डोळे मिटले, तरी बाईंनी वरून टॉवेल बांधलाच. निवड चाचणी उद्यावर आली की भाला फेकणाऱ्या पोरी किती खरं बोलतात, हे त्या जाणून होत्या.

उजव्या कोपरातली नस दुखावली होती. महिनाभर करंगळी बधिर. आज स्पर्श कळला तर उद्या मैदान, नाही तर ऑपरेशन. बधिर हाताने फेकलं तर बोटं कायमची वाकडी व्हायची भीती.

पडद्याच्या अलीकडे बाकावर बसलेल्या आक्काची टकळी चालूच होती. "ऑपरेशनच करा हो बाई. चार महिने घरी बसेल, भांडी तरी घासेल."

"आक्के, मी उद्या फेकणार म्हणजे फेकणार."

"बाबांचीच लेक! ते असते तर विचारलंही नसतं कुणाला. अंगात ताप असला तरी हिची करंगळी धरून मैदानावर ओढत न्यायचे. भाल्याची पकड सुटू नये म्हणून त्यांच्या हाताला सदा ती खडूची भुकटी. हिचे फ्रॉक धुऊन धुऊन आई रडकुंडीला यायची."

"आता गप्प बसा," बाई म्हणाल्या. "मीही बोलणार नाही. कापूस कुठे लागतोय ते हिनेच सांगायचं. आधी चांगला हात."

"डावा अंगठा," आतून धाकटी म्हणाली. "मधलं बोट. करंगळी."

मग उजवा हात. "अंगठा. मधलं."

पुढे काहीच नाही. आक्काने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आत नळाचं पाणी वाहत होतं.

"करंगळी!" धाकटी ओरडली. "आक्के, कळली गं! बाई, किती गार हात आहे तुमचा!"

आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मघाची भांडीबिंडी ती विसरून गेली.

"बाई, सोडा ना आता. कळलं मला," धाकटी हसत होती. "अहो, ओढताय काय?"

"मग बाई, उद्या जाऊ द्यायचं ना हिला?" म्हणत आक्काने पडदा सारला.

बाई पार पलीकडच्या भिंतीशी, बेसिनपाशी होत्या. चार वेळा कापूस फिरवूनही करंगळीला काही कळलं नाही, हे पोरीला कसं सांगावं म्हणून उगाच हात धूत, पाठमोऱ्या; नळाच्या आवाजात मागचं काही त्यांना ऐकूही आलं नव्हतं.

टेबलावर धाकटीचा उजवा हात दाराच्या दिशेने ताणला गेला होता, आणि करंगळी मुळापर्यंत खडूने पांढरी झाली होती.