बोंडलं

"कुंदे, घोटभर पाणी दे गं," सासूबाई कण्हल्या. जुलाबांनी त्यांना सकाळपासून पिळून काढलं होतं. डोळे पार खोल गेले होते.

कुंदा दारातून हलली नाही. "जुलाबात पाणी दिलं की पोट आणखी वाहतं. तुम्हीच म्हणाला होतात ना?"

गेल्या उन्हाळ्यात तिच्या तान्ह्या लेकीला जुलाब लागले, तेव्हा सासूबाई माठासमोर पाट टाकून बसल्या होत्या. कुंदाला त्यांनी माठाला हात लावू दिला नाही. पोर कोरडे ओठ चोखत राहिली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. "जुलाबानं नाही, पाण्यावाचून गेली," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंना रडू फुटलं, पण डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं.

कुंदा आत गेली. पोर गेल्यापासून घरात कायम ठेवलेली ओआरएसची पुडी तिनं उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवली, फडताळातून लेकीचं चोचीचं बोंडलं काढून भरलं आणि सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं.

बोंडलं ओळखून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"तोंड उघडा," कुंदा म्हणाली. "इतक्या स्वस्तात सुटका नाही तुमची."