बोलता येईल एवढं

मचवा खाडीच्या काठाला लागला होता आणि ओहोटी लागायच्या आत मिठानं भरायचा होता. राशीपासून मचव्यापर्यंत बायका बांधावरून ओळीनं टोपल्या वाहत होत्या. त्यातली पाचवी गोदू. तिचा सासरा बाळाजी बांधाच्या टोकाला छत्री टेकून तिला न्याहाळत होता. बैलबाजारात आलेला माणूस न्याहाळतो, तसा.

दसऱ्याला त्यानंच तिला बापाच्या दारात आणून सोडलं होतं. वीस वर्षांची सून दोन हंडे आणताना धापा टाकते, असल्या जाड्या अंगाला पोर कसं व्हायचं, असं त्याचं म्हणणं. "बारीक करा, मग धाडा," म्हणाला आणि घोटभर पाणीही न पिता निघून गेला. जशी काही पोर म्हणजे चुलीवर ठेवून आटवायचा काढा.

गोदूची आत्या सोनाबाई म्हणाली, भरली टोपली देऊन पळवा हिला, चरबी घामावाटे जाते. बोर्डाच्या दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, तसं नको. रोज चाल, पुष्कळ चाल, पण बोलता येईल एवढ्याच वेगानं. बोलणं तुटायला लागलं की पाय हळू कर. सोनाबाईला हसू आवरेना. गप्पा मारत केलं त्याला काय काम म्हणायचं? तिची लेक मैनाही गोदूसारखीच अंगानं भरलेली, अजून लग्नाची. सोनाबाईनं तिला पळवायला घेतलं. गोदूनं नर्सबाईचं धरलं. मिठागरातल्या बायकांची तेवढीच करमणूक झाली.

आता माघ सरत आला होता. खरं सांगायचं तर कंबर दोघींची सारखीच उतरली होती. चार बोटं, फार तर पाच. पण आज मैना नवव्या फेरीला छातीवर हात ठेवून बसली ती बसलीच. पाणी हवं का विचारलं तर हो-नाही सांगता येईना. गोदूची चौदावी फेरी चालली होती आणि निवट्यांच्या कालवणात चिंच किती घालायची, ते ती मागच्या जनीला सांगत होती.

"फारशी बारीक न्हाय झाली," बाळाजी म्हणाला.

गोदूचा बाप काळूराम शेजारी हात जोडून उभा होता. "थोडा दम धरा, पाव्हणं. होईल अजून."

लेक परत नांदायला जावी, एवढंच मागणं त्यानं पाच महिने देवाकडे मागितलं होतं. गोदूनंही तेच मागितलं होतं. ती चालत होती ती त्यासाठीच, हौसेनं नव्हे.

बाळाजी पाहत राहिला. पंधरावी फेरी झाली, सोळावी झाली. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"ही असंच दिसभर वाहते?"

"मचवा भरेपर्यंत."

"मग असू दे जाडी. आमच्या आगरात दोन बाया लावतो, त्यांचं काम ही एकटी उरकंल. आजच नेतो."

बघा, सून आवडायला कितीसा वेळ लागतो. काळूरामाचे डोळे भरून आले. बिचाऱ्याला शेवटचे दोनच शब्द ऐकू आले असावेत.

गोदूला मात्र सगळं ऐकू आलं. ती तेवढ्यात भरली टोपली घेऊन त्यांच्यापाशी पोचली होती. ज्या शब्दासाठी पाच महिने बांध तुडवला, तो कानावर पडला आणि तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

"टोपली ठेव, गोदू," बाळाजी म्हणाला. "लुगडी बांध. चल."

"मामा," गोदू म्हणाली. सासरी असताना तिनं त्याच्यापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. आज डोक्यावर अर्धा मण मीठ होतं, तरी शब्द तुटत नव्हता. "तुमच्या लेकानं इतक्या दिसांत एकदा तरी इचारलं का, गोदू कशी हाय?"

"गप, बाय," काळूराम पुटपुटला.

गोदू गप्प झाली, पण हलली नाही. बांध अरुंद, बाजूनं पुढं जायला जागा नाही. ती थांबली तशी मागची जनी थांबली, जनीच्या मागं काशी थांबली, पार राशीपर्यंत ओळच थांबली. काय विचारलं ते एकीनं दुसरीला मागं सांगितलं. मग साऱ्याजणी डोक्यावरचं मीठ तसंच धरून बाळाजीच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या.